पहिल्या पानावरची ओळ

"पान अकरा," कंपनीचा प्रमुख स्टुअर्ट म्हणाला. "तिथे सगळं लिहू. कायदाही खूश, तूही खूश."

"पान अकरा वाचतं कोण?" ग्लेनिसने विचारलं.

"ज्याला वाचायचं तो."

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कलगुर्लीत तसा कुणी जन्मलेला नाही. इथे सोनं शोधणाऱ्या कंपनीचं शेअर बाजारात निवेदन आलं की लोक मथळा वाचतात, तळाशी नाव कुणाचं ते बघतात आणि थेट दलालाला फोन लावतात. या वेळचा मथळा झकास होता. सदतीस मीटर सोनं! फक्त ड्रिलचं भोक सोन्याच्या शिरेला आडवं छेदण्याऐवजी तिच्याच उतारानं खाली गेलं होतं. जॅम सँडविचमध्ये वरून सुई टोचली तर टोकाला जरासा जॅम लागतो. तीच सुई जॅमच्या थरातून सरकवली तर सुईभर लागतो. शिरेची खरी जाडी चार मीटर असेल नसेल.

ग्लेनिस ट्रेव्होरो ही कंपनीची भूवैज्ञानिक. दगड तिने स्वतः तपासलेले, म्हणून निवेदनाखाली नाव तिचंच लागणार होतं. सकाळी बाजार उघडायच्या आत निवेदन जायला हवं होतं. तोवर शेअरचे व्यवहार थांबवलेले होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, तो घेऊन ती बाहेर आली. तिचा बाप, लेन. खाणीत राबून फुप्फुसात धूळ भरून घेतलेला, आणि आता एस्परन्सला समुद्राकाठी राहायला निघालेला.

"पोरी, मोठं घबाड लागलंय ना? क्लबातला मर्व्ह म्हणतो, उगाच का व्यवहार थांबवतील!"

"बाबा, मला विचारू नकोस."

"विचारतोय कुठे, सांगतोय. घर विकल्याचे पैसे आलेत. उद्या बाजार उघडला की सगळे तुमच्याच शेअरमध्ये."

"आधी नीट वाच तरी!"

"वाचायचंय काय त्यात? खाली तुझं नाव असलं की झालं."

तिने फोन ठेवला. बाजारात जाहीर होण्याआधी बापाला खरं सांगावं तर तो गुन्हा. गप्प बसावं तर म्हाताऱ्याची जन्माची कमाई मातीत. ती परत आत गेली.

"खऱ्या जाडीची ओळ पहिल्या पानावर," ती म्हणाली. "मथळ्याच्या लगेच खाली. नाहीतर माझं नाव काढून टाक."

"शेअर आपटेल, ग्लेनिस. सगळं गाव तुझ्या नावानं बोटं मोडेल. तुझ्या बापाचे जुने शेअर आहेत ना यात?"

"आहेत."

"मग?"

"मग काय? लिही."

निवेदनाखाली लावायला दुसरं नाव स्टुअर्टकडे नव्हतं. शेवटी दात-ओठ खात त्याने टाइप केलं: भोक शिरेच्या उतारानं गेलेलं आहे, खरी जाडी सुमारे चार मीटर.

सकाळी बाजार उघडताच शेअर निम्म्यावर आला.

दुपारी ती बापाकडे गेली. बांधून ठेवलेल्या खोक्यांमध्ये तो मागच्या पायरीवर बसला होता.

"घराचे पैसे?" तिने भीतभीत विचारलं.

"बँकेत." त्याने वर पाहिलं नाही. "रविवारी इथे जेवलीस, तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि मी खुळ्यासारखा नव्या घरात समुद्राकडे खिडकी कुठली ते सांगत बसलो."

"सांगता येत नव्हतं, बाबा."

"नुसत्या घराच्या पैशांत आता कुठला समुद्र! जुन्या शेअरांचा तर पाचोळा झाला. मर्व्ह क्लबात सगळ्यांसमोर तुला शिव्या घालत होता."

"तू काय म्हणालास?"

"मीपण घातल्या."

लेनला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने तोंड पुसलं.

"ती ओळ आत कुठे लपवली असतीत ना," तो म्हणाला, "तर मी वाचली नसती."

"माहीत आहे."

मग उठण्यासाठी त्याने तिच्याकडे हात पुढे केला. आजवर त्याने कधी कुणाचा आधार घेतला नव्हता. ग्लेनिसने त्याला उठवलं. तो फारच हलका झाला होता.