कोरी मडकी

मानसिंग माझ्या दारात आला तेव्हा मी देवाला एकच विचारलं, सांगलीत कुंभारांची एवढी घरं असताना माझंच का? लढाई संपली, शिपाई परत आले आणि सरकारनं त्यांना धंदे शिकवायचं काढलं. त्यातले तीन माझ्या छपरात पाठवले. दोघांनी पंधरा दिवसांत हातची माती झटकली आणि गेले. हा तिसरा मात्र राहिला.

पाटणकडचा मराठा, तोफखान्यात होता. इटलीत गुडघ्याला लागलं, तेव्हापासून पाय काठीसारखा ताठ. नांगरामागं चालता येईना, म्हणून भावाच्या घरी बसून खायची पाळी आली. निघताना भाऊ म्हणाला होता, "जाऊन बघ. तुज्या हातचं मडकं कुणी घेतलं तर ठीक, न्हाईतर गुमान परत ये आन् माजी पोरं सांभाळ." हे त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं आणि म्हणाला, "मला परत जायाचं न्हाई, उस्ताद."

उस्ताद! चाळीस वर्षं लोक मला हरिबा म्हणतात. मी हजारदा सांगितलं, उस्ताद म्हणू नको. "व्हय, उस्ताद," म्हणायचा.

कामाला कुचराई नव्हती, हे खरं. लीद चाळून मातीत कालवायला लावली, तर पीठ चाळावं तशी चाळायचा. ताठ पाय लांब करून चाकापाशी बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. तीन महिन्यांत त्याची मडकी गिऱ्हाइकानं नाक मुरडू नये इतपत झाली. पण सांगावं एक आणि यानं करावं दुसरं! "पाणी कमी घे" म्हटलं की "व्हय, उस्ताद" म्हणून ओंजळभर घ्यायचा. "थांबव चाक" म्हटलं की काठी घालून आणखी जोरात फिरवायचा. माझ्या डोक्याच्या शिरा तटतटायच्या. शेजारच्या सुलाबाई भिंतीवरून विचारायच्या, "आज काय झालं वो?" मी इतका ओरडत असे.

सगळ्यात मोठा वैताग मडकं वाजवून बघण्याचा. आव्यातून, म्हणजे भट्टीतून, मडकं निघालं की त्याला टिचकी मारायची. धड असेल तर खणखणतं. केसाएवढी चीर असेल तरी बद्द वाजतं. यापलीकडे परीक्षा नाही. मी रोज एक धड आणि एक चिरलेलं मडकं त्याच्यापुढे ठेवायचो, टिचक्या मारायचो.

"कळला का फरक?"

"व्हय, उस्ताद."

"मग चिरलेलं कंचं?"

धड मडकं उचलून माझ्या हातात द्यायचा. रोज!

चैत्रात चंदनबाला अक्का आल्या. घराणं जैन, त्यांचे मालक शांतिनाथ अण्णा हळदीचे व्यापारी. लेक गुणमालाचं लग्न ठरलेलं. मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार उतरंडी, मिळून चोवीस मडकी. अक्कांच्या स्वतःच्या लग्नातली मडकी माझ्या वडलांनी दिली होती. त्यांच्या घरात आमच्याशिवाय दुसऱ्या कुंभाराचं मडकं गेलेलं नाही. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "अक्का, ही मडकी मानसिंग करंल."

"लगीन हाय ओ हरिबा, खेळ न्हवं," अक्का म्हणाल्या. मग मानसिंगकडं, त्याच्या पायाकडं बघून म्हणाल्या, "बरं. बघून घेईन."

माझ्या बायकोनं, राहीबाईनं, मला त्या दिवशी वेड्यात काढलं.

आवा उघडला त्या दिवशी आम्हा दोघांना हरिपूरला बारशाला जायचं होतं. निघताना मी मानसिंगला चांगलं समोर उभं राहून सांगितलं, "उद्या सकाळी अक्का येनार. सगळी मडकी नीट तपासून ठेव. एक जरी फुटकं निघालं तर माजी अब्रू जाईल."

"व्हय, उस्ताद."

सकाळी परत आलो, बघतो तर काय! अंगणात चोवीस मडकी सहा-सहाच्या चार रांगांत उभी होती. प्रत्येकात गळ्यापर्यंत पाणी.

"रातभर भरून ठिवलीती," मानसिंग म्हणाला. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं. "एकबी गळत न्हाई."

आता हे मी कुणाला सांगू? लग्नाचं मडकं कोरं लागतं. पितळेचं भांडं घासलं की झालं, पण माती पाणी पिते. एकदा प्यायली की ते मडकं वापरलेलं, उष्टं. धुऊन शुद्ध होत नाही. कुंभाराच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं.

खरं सांगतो, माझ्या मनात पाप आलं. पटापट ओतून टाकू, उन्हात वाळवू, कुणाला कळणार आहे? दोन मडकी ओतलीही. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि अक्का आत आल्या.

मी काही बोलायच्या आत मानसिंगच पुढं झाला. "बघा अक्का, रातभर पानी घालून तपासल्यात."

"पाणी घातलं?" अक्कांचा आवाज चढला. "आन् गाळून तरी घेतलंतं काय?"

"न्हाई. हिरीचं, हाय तसं."

अक्कांनी पदर सावरला. त्या त्याच्यावर चिडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्या. "हरिबा, तुमच्या वडलांचं तोंड बघून मी हितं येते. लगीन बाराव्या दिवशी हाय. आता इस्लामपुरास्नं मागवीन." आणि टांगा गेलासुद्धा.

मग मी तोंड सोडलं. तीन महिन्यांत साठलेलं सगळं बाहेर काढलं. त्याच्या तोफखान्यापासून त्याच्या भावापर्यंत कुणाला सोडलं नाही. "अरं, टिचकी मारून का न्हाई बघितलंस? हात झडले व्हते का?" तो खाली मान घालून उभा राहिला. मग पाठमोरा होऊन वळकटी बांधायला लागला.

राहीबाई चुलीपाशी होती. "मानसिंगा, भाकरी खाऊन जा," ती म्हणाली. त्यानं वळून बघितलं नाही. "मानसिंगा!" ती त्याच्या डाव्या खांद्यामागं येऊन म्हणाली. नाही. तिसऱ्यांदा ती ओरडली तरी त्याचे हात दोरीची गाठ मारतच होते. राहीबाईनं माझ्याकडं बघितलं. मग ती त्याच्या समोर जाऊन बसली. तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, "काय मामी?"

"कवापास्नं?" तिनं कानाकडं बोट करून विचारलं.

त्यानं हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तोफंपाशी. डावा गेलाच हाय. उजव्यातनं समोरचं, जवळचं बोलनं येतंय, पर बारीक आवाज न्हाई येत."

मी ओरडलो, "मग व्हय व्हय कशाला म्हनत व्हतास?"

"लंगडा तर दिसतच हुतो. बहिराबी हाय म्हनलो असतो, तर घेतलं असतं का तुमी?"

नसतं घेतलं. खोटं कशाला बोलू? मला इतकी लाज वाटली की लाजेचाही राग आला. मडकी तपास म्हणून मीच सांगितलं होतं. बिचाऱ्यानं त्याला जमेल तशी तपासली. पाणी घालू नको हे मी कधी बोललोच नव्हतो, कारण मलाही ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी एक मडकं ओढलं आणि त्याचा डावा तळवा मडक्याच्या पोटावर दाबला. टिचकी मारली. धड मडकं हाताखाली थरथरतं, ते मला ठाऊक होतं, पण त्याचा कधी उपयोग पडला नव्हता. मग चिरलेल्यावर हात ठेवला. मेल्यासारखं गप्प. त्यानं डोळे मिटले. मी मडकी बदलून बदलून दहा वेळा पुढं सरकवली. दहाही वेळा त्यानं बरोबर ओळखलं.

"हे आदी का न्हाई सांगितलं, उस्ताद?" तो म्हणाला. माझ्या हातात मडकी थोपटायचं चोपणं होतं. मारलं नाही, हेच खूप.

दुपारी मी अक्कांच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. कानाचं, पाण्याचं, सगळं सांगितलं. मडकी ओतून टाकायला निघालो होतो हेही सांगितलं. अक्का बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "धा दिवसांनी येते. एक थेंब पाणी दिसलं तर बघा."

मानसिंगनं तीस मडकी घडवली. ऊन कडक होतं, लवकर वाळली. दहाव्या दिवशी अक्का आल्या, बरोबर चार बायका. मानसिंगनं एकेक मडकं उचललं, पोटावर तळवा ठेवला, डोळे मिटून टिचकी मारली. दोन बाजूला काढली. त्यांतलं एक मी आधी वाजवून चांगलं ठरवलं होतं. मी उगाच शेजारच्या मडक्यावरची राख पुसायला लागलो.

अक्कांनी चोवीस मोजून घेतली. चाकाला हळदकुंकू वाहिलं. लग्नाची मडकी नेताना घडवणाऱ्याला नारळ आणि फेटा द्यायची रीत आहे. ताट घेऊन त्या सवयीनं माझ्याकडं आल्या.

मी हात मागं घेतले. "माज्याकडं न्हाई, अक्का. घडवली त्यानं."

अक्का वळल्या आणि ताट मानसिंगपुढं धरलं. तो भिंतीला धरून उठला. ताठ गुडघ्यानं जमेल तेवढ्या टाचा जुळवल्या, छाती काढली आणि खाडकन सलाम ठोकला. अक्का दोन पावलं मागं सरल्या. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मानसिंग तसाच उभा. हात कपाळाला, डोळे भरलेले, नजर समोर.

मी कपाळावर हात मारून घेतला. हेही शिकवायचं राहिलंच होतं! ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्याच्या उजव्या बाजूला गेलो, कानाजवळ वाकलो आणि म्हणालो, "हात जोडायचे असत्यात, गड्या. हात जोड, आन् घे."