तामलवाडीचं घर, माकणीचं रान

जुन्या घराच्या माळवदी छतावरची माती खाली ढकलण्याआधी शांतलिंग मिस्त्रीनं शेवटचं विचारलं, "सिस्टर, एकटं माणूस तुमी. तीन खणांचं घर लई झालं. बाकीचं लाकूड कशाला नेता?"

"सगळं न्यायचं," नागूबाई म्हणाली. "हाय तसं उभं करायचं."

तामलवाडीतलं ते घर भागवतचं. त्याला त्या जागी स्लॅबचं घर बांधायचं होतं. जुनं लाकूड तो विकणार असल्याचं नागूबाईच्या कानावर आलं आणि तिनं ते घेतलं. नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली तेव्हा ती याच घरात भाड्यानं राहिली होती. बाजूची एक खोली, बस. पण भागवतची आई, सारजाबाई, तिला कधी भाडेकरू म्हणाली नाही. गावातलं बाळंतपण उरकून नागूबाई कितीही उशिरा परतली, तरी सारजाबाई मधल्या खांबाला टेकून बसलेली असायची. "जेवलीस का गं?" एवढंच विचारायची आणि भाकरी गरम करायला उठायची.

पुढं बदल्या होत राहिल्या. लग्नाचं राहूनच गेलं. गावं बदलली, क्वार्टर बदलली. प्रत्येक दाराचं कुलूप मात्र तिचं तिलाच उघडावं लागलं.

निवृत्तीनंतर पुतण्यानं, अमरसिंहनं, तिला धाराशिवला आणून ठेवलं. तिथं कुणी वाईट वागलं नाही. पाहुणे आले की तिचं अंथरूण हॉलमधून हलायचं, इतकंच. माकणीजवळ, रस्त्याला लागून, तिला वडिलांकडून आलेला जमिनीचा तुकडा होता. तिथं घर करते म्हटल्यावर अमरसिंह चिडला. रानात एकटीनं राहायचं, काही झालं तर लोक आम्हाला नावं ठेवतील, असं बराच वेळ बोलत राहिला. तिनं वाद घातला नाही. पिशवी भरली.

शांतलिंगनं खांबांवर, तुळयांवर रंगानं खुणा केल्या आणि लाकूड टेम्पोनं माकणीला आलं. भिंती विटांच्या झाल्या. वर मातीऐवजी पत्रे पडले, कारण भूकंप पाहिलेल्या त्या भागात डोक्यावर माती चढवायला कुणी गडी राजी होईना. नागूबाई रोज सावलीत खुर्ची टाकून बसायची. खांब उभे राहत गेले तसं तिला घर ओळखू येत गेलं. मधला खांब बसला त्या दिवशी तिनं त्याला टेकून बसून बघितलं. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. समोर नुसती तूर, आणि तुरीपलीकडं रस्ता.

घरभरणीला भागवत बायकोला घेऊन आला. अमरसिंहचा फोन आला. मुलीची परीक्षा होती, येणं जमणार नव्हतं. भागवत चौकटीत थबकला, चपला काढल्या आणि सवयीनं डावीकडच्या कोनाड्याकडं हात नेला. कोनाडा भिंतीत होता आणि भिंत तामलवाडीतच राहिली होती. त्याचा हात तसाच खाली आला.

जेवणं झाल्यावर तो मधल्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला.

"आई इथंच बसायची."

"व्हय."

"तुमची बदली झाल्यावर पण बसायची, सिस्टर. म्या म्हणायचो, आता कुणाची वाट बघतीस? तर म्हणायची, सवय लागलीया."

नागूबाईला हे माहीत नव्हतं. बदलीनंतर तामलवाडीला दोन-तीनदा जाणं झालं होतं, मग ते सुटत गेलं. ती खाली वाकून ताटं गोळा करू लागली, आणि भागवतची बायको मदतीला आली तर तिला बसवूनच ठेवलं.

निघताना भागवतनं विचारलं, "सोबतीला कोण हाय हितं?"

"येतं की कुणीतरी," ती म्हणाली. "निघा तुमी, गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडून ती रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. लोहाऱ्याकडून आलेली एसटी हळू झाली आणि नेमकी तिच्यासमोर थांबली. इतके दिवस रिकाम्या असलेल्या रानात घर दिसलं, घरापुढं बाई दिसली. कंडक्टरला ती प्रवासीच वाटली असावी. त्यानं दार उघडलं.

"चला मावशी, धाराशिव."

खिडक्यांतून माणसं तिच्याकडं बघत होती. कुणीतरी आत सरकून जागाही केली.

"मला न्हाय यायचं," नागूबाई म्हणाली. "मी इथं राहते."

कंडक्टरनं तिच्यामागच्या घराकडं पाहिलं, मान हलवली आणि घंटी दिली. गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग पदर झटकला आणि तुरीच्या कडेनं घराकडं चालू लागली.