मडक्याला कसला वास येतो?

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्हीसुद्धा आत डोकावून नाक मुरडणार नाही कशावरून?

कुंभाराने मला चाकावर घडवले, थापले, भट्टीत भाजले आणि शेवटी टिचकी मारून पाहिली. खणखणीत आवाज आला तरी त्याने पुन्हा मारलीच. संशयी स्वभाव मी त्याच्याकडूनच घेतला असावा. मग गवतात गुंडाळून मी आगगाडीने लांबचा प्रवास केला आणि ओडिया जेवणाच्या या हॉटेलात आले. मला आणणारी इथली स्वयंपाकीण. तिला सगळे मावशी म्हणतात.

माझे काम पखाळाचे. शिजवलेला भात गार करून माझ्यात घालायचा, वर पाणी ओतायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू आंबू द्यायचा. दुपारी उन्हातून आलेली माणसे तो गारेगार भात दही, तळलेले सांडगे आणि हिरव्या मिरचीबरोबर खातात. पहिल्यांदा येणारा मात्र वाटी नाकाशी नेतोच. "कालचा भात आहे का हो?" असे हळूच विचारतो. कालचाच असतो! त्यातच तर सगळी गंमत आहे. दोन घासांनंतर तोच मनुष्य भातावरचे आंबट पाणी आणखी मागून घेई, तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा.

माझा सगळ्यात जास्त संशय होता भांडी घासणाऱ्या काकांवर. त्यांच्या कोपरापर्यंत कायम फेस. मातीच्या मडक्याला साबण लावत नाहीत, मित्रांनो, कारण आम्ही जे पितो ते अंगात मुरवून ठेवतो. मावशी मला गरम पाण्याने आणि काथ्याने धुवायची, उन्हात पालथे घालायची. काका नुसते जवळून गेले तरी माझा जीव टांगणीला लागायचा.

मावशीचे एक गुपितही मला ठाऊक होते. मोठ्या तापानंतर तिच्या नाकाला वास येणेच बंद झाले होते. फोडणी झाली की करपली, तिला काही कळत नसे. ती माझ्या तोंडाशी कान लावून आतले बारीक बुडबुडे ऐकायची आणि भात झाला की नाही ते ठरवायची. काम जाईल या भीतीने तिने हे कुणालाच सांगितले नव्हते.

एकदा कुणी गिऱ्हाईक म्हणाले, "तुमच्या मडक्याला वास येतो." वास नेहमीचाच होता, आंबट. पण हॉटेलच्या मालकांच्या मनात संशय शिरला. मावशीला विचारायचा धीर होईना, म्हणून ती कोठीत मिरच्या निवडत असताना त्यांनी मला गुपचूप मोरीत नेले, साबण ओतला आणि घसाघसा घासले. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मडक्याला तोंड असले तरी आवाज नसतो.

दुसऱ्या दिवशी चार टेबलांवरच्या वाट्या जशाच्या तशा परत आल्या. मावशीने बोट बुडवून चाखले. तिला काहीच कळले नाही.

"मावशी, रागावू नका," मालक म्हणाले, "पण आता तुमच्याच्यानं होत नाही. पखाळ बंद करू. तुम्हीही उद्यापासून घरीच आराम करा."

"इतकी वर्षं करतेय. कुठं चुकलं तेवढं तरी सांगा," मावशी म्हणाली आणि एप्रनची गाठ सोडू लागली.

एवढ्यात काका हात पुसत आले. आता हे आगीत तेल ओतणार, अशी माझी खात्रीच होती. त्यांनी सरळ माझ्यात नाक खुपसले.

"मालक, हा भाताचा वासच नाही. लिंबाचा साबण आहे. माझा जन्म गेला या वासात! पण मी या मडक्याला कधी हात लावला नाही. मावशींनी पहिल्याच दिवशी दम दिला होता मला."

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मीच धुतलं," ते पुटपुटले. "म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मग मला वास कसा आला नाही, तेही ऐका," मावशी म्हणाली. तिने नाकाची गोष्ट सांगून टाकली.

काका लगेच म्हणाले, "एवढंच ना? रोज सकाळी वास मी घेत जाईन. रांधायचं तुम्ही."

मावशीने एप्रनची गाठ पुन्हा बांधली.

त्यानंतर तिने मला तांदळाच्या धुवणात तीनदा उकळले, आठवडाभर ऊन दाखवले. काका रोज वास घेत आणि मान हलवत. साबण काही माझ्या अंगातून गेला नाही. आता माझ्यात बटाटे असतात आणि पखाळ नव्या मडक्यात होते. मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? ज्या काकांवर मी इतकी वर्षे डोळा ठेवला, त्यांनीच मावशीचे काम वाचवले, आणि त्यांची क्षमा मागायची सोयही मला नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तूचा असो की माणसाचा, संशय आला तर गुपचूप काही करू नका, आधी विचारा. काल मालकांनी नवे मडके उचलले आणि आत हाक मारली, "मावशी, हे कसं धुवायचं?"

मला वाचवायला एवढेच पुरले असते.