कड सुटलेले रबर

मी एक जुनी बॅट आहे. क्रिकेटची नव्हे, टेबल टेनिसची! बॅट म्हटले की लोकांना आमची ती धिप्पाड भावंडेच आठवतात. आमच्याकडे कोण बघतो?

मित्रांनो, लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून कारखान्यात मला तयार केले. पुढे मला ज्या घरी आणले, तिथे दोन बहिणी होत्या, दोघीही खेळणाऱ्या. थोरलीच्या हाताला माझी मूठ जाड व्हायची, म्हणून खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या तिच्या वडिलांनी ती पॉलिशपेपरने घासून बेताची केली. माझ्या दोन्ही अंगांवर रबर असते. ते झिजले की नवे चिकटवावे लागते. पण थोरलीला धीर कुठला! गोंद वाळायच्या आतच ती रबर बसवायची आणि मग कड सुटायची. "ताई, सोड ते. तुला नुसती घाई," असे म्हणत धाकटी मला ओढून घ्यायची आणि रबर बसवून कडेकडेने अंगठ्याने दाबत जायची. तो अंगठा मला फार आवडायचा.

थोरलीने पुष्कळ बक्षिसे मिळवली, पण निवड समितीने तिला देशाच्या संघातून वारंवार वगळले. कारण कोणी सांगेना. शेवटी परदेशातल्या एका क्लबाने तिला बोलावले. ती तिथे मुलांना शिकवू लागली, तिथलीच नागरिक झाली, त्या देशाकडून खेळून तिने अजिंक्यपद मिळवले. लोकांनी तिला डोक्यावर घेतले. धाकटी मात्र फोनवर म्हणाली, "मी घरी बसले असते, पण दुसऱ्यांचा शर्ट घातला नसता." तेव्हापासून दोघींचे बोलणे बंद झाले.

थोरली माझे रबर स्वतःच चिकटवू लागली. कसे, ते सांगायला नको. मध्यंतरी तिला एक झकपक नवी बॅट भेट मिळाली आणि मी कपाटात मोज्यांखाली पडून राहिले. पण त्या बॅटची मूठ तिच्या हाताशी जमेना. मला पुन्हा बाहेर काढले, तेव्हा मी सुखावले, खोटे कशाला बोलू?

मग एका मोठ्या स्पर्धेत, उपांत्य सामन्याला, समोर आपल्या देशाकडून खेळणारी धाकटीच उभी राहिली. आमच्या खेळात रीत अशी, की सामन्याआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन तपासायची. धाकटीने वर न बघता मला घेतले आणि उलटे केले. खालची कड सुटली होती. तिने पंचांना दाखवले असते, तर मी बाद झाले असते आणि थोरलीला परक्या मुठीने खेळावे लागले असते. थोरलीचा चेहरा उतरला. धाकटीने कडेवर अंगठा टेकवला आणि दाबत गेली.

"ठीक आहे," ती पंचांना म्हणाली.

पहिला गेम थोरलीने जवळजवळ सोडूनच दिला. बाजू बदलताना धाकटी कुजबुजली, "ताई, उपकार करू नकोस. नीट खेळ."

मग ती नीट खेळली. धाकटीचा बॅकहँड कच्चा, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिथेच चेंडू मारत राहून ती जिंकली. धाकटी हस्तांदोलनाला आली ती डोळे भरलेले आणि नाकावर राग घेऊन. हात मिळवायचा सोडून तिने मलाच काढून घेतले.

"इतकी वर्षं झाली, अजून रबर चिकटवता येत नाही तुला? गोंद कुठाय?"

कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने मला गोंद लावला. तो वाळेपर्यंत दोघींना बाकावर बसून राहावे लागले.

"वाळलं असेल ना आता?" थोरलीने नाक पुसत विचारले.

"थांब गं जरा!"

धाकटीने चिकटवलेले ते रबर घेऊन थोरली दुसऱ्या दिवशी अंतिम सामना हरली. आता ती खेळत नाही. रबर कडक झाले आहे, चेंडू त्यावरून घसरतो, तरी ती ते कोणाला काढू देत नाही.

मित्रांनो, बॅट रागाने टेबलावर आपटू नका. खेळून झाल्यावर रबर ओल्या फडक्याने पुसा. उन्हात ठेवू नका. आणि कड सुटलेली दिसली, तर उद्यावर ढकलू नका. गोंद लावा, आणि तो वाळेपर्यंत थांबा.