सालीतलं सत्त्व

लंकाबाईनं मोसंबी सोलली, फोडी म्हशीच्या घमेल्यात टाकल्या आणि साल मिठाला लावून खाल्ली, तेव्हा तिचा नवरा कारभारी आधी हसलाच होता. म्हातारी गंमत करतेय असं वाटलं त्याला. जन्मभर त्या घरात साली म्हशीच्या घमेल्यात आणि गर माणसांच्या ताटात, हा शिरस्ता. लंकाबाईच्या हाताला सोलायची सवय तशीच राहिली होती, पण कुठलं कुणाचं, हे डोक्यातून निसटलं होतं. पुढं चिकूचं तेच झालं, मग पपईचं. तेव्हा मात्र कारभाऱ्याचं हसू कुठल्या कुठं पळालं. म्हैस तेवढी खूश. असला पाहुणचार तिच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नसेल.

काष्टीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे दुखणं उतरणारं नाही, सांभाळा. सांभाळा म्हणणं सोपं असतं हो! कारभाऱ्यानं गॅसची टाकी बंद केली, घराच्या किल्ल्या कनवटीला लावल्या. रात्री ती उठून चालायला लागायची, म्हणून तिच्या पदराला आपल्या धोतराची गाठ मारून तो झोपू लागला. लग्नात भटजींनी मारली होती ती गाठ, आता म्हातारपणी आपण मारतोय, असं मनाशी म्हणून तो एकटाच हसायचा आणि मग त्याला रडू यायचं.

हे सगळं त्यानं मुलापासून लपवलं. बजरंग नगरजवळ नागापूरला कंपनीत, सून मोनिकाही दुसऱ्या एका कंपनीत. घर दोन खोल्यांचं, आणि दिवसभर त्याला कुलूप. बजरंगनं फोनवर एकदा बोलून दाखवलं होतं की आईचं विसरणं फार वाढलं तर नगरमध्ये अशा म्हाताऱ्या बायकांना सांभाळणारी एक संस्था आहे, माणसं चांगली आहेत. संस्था फक्त बायकांची. नवऱ्यांची तिथं सोय नव्हती. त्या दिवसापासून मुलाचा फोन आला की कारभारी म्हणायचा, तुझी आई झकास हाय, आत्ताच जेवून पडलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? एका दुपारी कारभाऱ्याचा बसल्या जागी डोळा लागला आणि लंकाबाई पाटाच्या कडेनं चालत निघाली. शेजारच्या छबूबाईनं तिला पाण्यात पाय टाकताना धरलं, घरी आणून सोडलं, आणि कारभाऱ्याला न विचारता बजरंगला फोन लावला. कारभारी तिच्यावर चिडला, पण मनातल्या मनात. पाण्यात पाय टाकलाच असता तर, हे त्यालाही कळत होतं.

सुट्टीच्या दिवशी मुलगा-सून गाडी घेऊन येणार म्हणून ठरलं. कारभाऱ्यानं लंकाबाईला न्हाऊ घातलं, वेणी घातली. ती वाकडी झाली. जरीच्या काठाचं लुगडं नेसवायला छबूबाईला बोलवावं लागलं, आणि जिच्यावर चिडलो तिलाच तोंड वर करून बोलवणार तरी कसं? पण गेला बिचारा. सकाळभर तो लंकाबाईला घोकून सांगत होता, आज आपला बजरंग येणार. ती मान हलवायची.

पहिला तासभर सगळं ठीक चाललं. बजरंगनं तब्येत विचारली, ती म्हणाली बरं हाय. मोनिका पाया पडली, तिच्या डोक्यावर हात ठेवून लंकाबाई म्हणाली, आता जेवूनच जावा. आल्यागेल्याशी बोलायचं तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की दुखणं तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. बजरंगचा चेहरा सैल पडला. कारभाऱ्याच्या जिवात जीव आला. आजचा दिवस निभावला की पुढचं पुढं, असं म्हणत त्यानं चहा टाकला.

तेवढ्यात मोनिकानं आणलेली फळं ताटात काढून सासूपुढं ठेवली. लंकाबाईनं मोसंबी उचलली, निगुतीनं सोलली, फोडी बाजूला सारल्या आणि साल चावायला लागली.

मुलगा-सून बघतच राहिले. कारभाऱ्यानं घाईघाईनं सांगितलं, डॉक्टरनीच खायला सांगितलीय, सगळं सत्त्व सालीतच असतं म्हणे. आणि नशीब बघा, मोनिकानं मान डोलावली. मोबाईलवर तिनंही असंच काहीतरी बघितलं होतं, सफरचंदाची साल काढू नये, मोसंबीची वाळवून ठेवावी. म्हाताऱ्याला वाटलं, देव पावला.

मग लंकाबाईनं केळं घेतलं. सोललं. गर ताटाबाहेर ठेवला आणि साल तोंडाला लावली.

केळ्याच्या सालीला कुठल्या डॉक्टरचं नाव सांगणार? बजरंग बापाकडं बघायला लागला. कारभाऱ्यानं काय करावं? त्यानं पुढं होऊन तिच्या हातातल्या सालीचा अर्धा तुकडा तोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. दात कधीचे पडलेले. ती तुरट, चिवट साल हिरड्यांनी चघळत तो मुलाकडं बघून हसू लागला, जणू रोजचा नाश्ता आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो म्हणत होता, लई चांगली लागती, तूबी खाऊन बघ.

लंकाबाईनं चावायचं थांबवलं. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पदराचं टोक पुढं करून तिनं त्याच्या तोंडातून ती साल काढून घेतली, बाजूचा गर मोडला आणि छोटा घास त्याला भरवला. मग बजरंगकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली,

"पाव्हनं, वाईट वाटून घ्यू नका. ह्यांचं आताशा असंच चाललंय. काय खावं न काय टाकावं, कळंना झालंय. पोरगं लांब ऱ्हातंय, त्याला मी सांगितलं न्हाई. उगा जिवाला घोर."

बजरंग उठून बाहेर गेला. गोठ्याच्या भिंतीला टेकून तो बराच वेळ उभा होता, आणि बाप त्याला बोलवायलाही गेला नाही. कारभाऱ्यानं साल खाऊन जे झाकलं होतं, ते तिनं मायेनं उघडं केलं होतं. पोटचं पोरगं तिला पाव्हणं झालं होतं. उद्या आपणही होऊ, आणि पाटाकडं ती पुन्हा निघाली की आपला डोळा लागलेला असेल. कारभारी फार थकला होता, हे त्यानं त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

बजरंग आत आला तेव्हा बापानंच सांगितलं, ने तिला त्या संस्थेत. पण लंकाबाई उठेना. नगरला जाऊ, तिथली माणसं चांगली आहेत, म्हटलं तर तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. ह्यांना असं टाकून मी कुठं येणार न्हाई, एवढं एकच बोलणं. मोनिकानं समजावलं, बजरंगनं हात जोडले. शेवटी कारभारी तिच्याजवळ गेला.

"अगं, मलाच न्यायला आल्यात ते. माझं डोकं तपासायचंय. येतीस का संगं?"

तिनं चौकट सोडली.

"मग येनारच की. तुमाला एकल्याला कसं धाडू?"

स्वतः आत जाऊन तिनं पिशवी भरली. गाडीत बसताना मोनिकानं पिशवी उघडून बघितली तर धोतर, दोन सदरे, टोपी, मफलर. सगळं कारभाऱ्याचं. लंकाबाईचं एक लुगडंही नव्हतं. मोनिका सासूचे कपडे आणायला घरात गेली.

लंकाबाई कारभाऱ्याला चिकटून बसली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन थोपटत राहिली. "रडू नगा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तिथली मानसं चांगली हायती म्हनं. तुमाला पोचवून मी सांजंला माघारी येनार, पर भेटाया येत जाईन."

कारभारी म्हणाला, "व्हय, येत जा."