एकोणीस पावलं

‘थेसली’ला आम्ही नशीबवान बोट म्हणायचो. ब्रिटिश नौदलाची हलकी क्रूझर, तोफा बेताच्या, पण हाड चिवट. नॉर्वेच्या किनाऱ्यावर विमानांनी तिला तीन दिवस झोडपलं, क्रीटला तिचा मागचा भाग फाटला, माल्टाच्या वाटेवर शेजारची बोट आमच्या डोळ्यांदेखत गेली. पण आमच्या मेसमधला एकही माणूस गेला नव्हता. मेस म्हणजे बोटीच्या पुढच्या भागात, पाण्याच्या पातळीखाली, दहा जणांचं घर: एक लांब टेबल, दोन बाकं आणि झोपताना वर टांगायच्या झोळ्या. मी, एमॉस गार्साइड, तिथला किलिक. किलिक म्हणजे मेसचा प्रमुख. हे नशीब राखणंही आपलंच काम, असं मी धरून चाललो होतो.

त्यासाठी आमचा एक नियम होता. ‘बुडणं’ हा शब्द मेसमध्ये काढायचा नाही, आणि ज्याने तशी गोष्ट पाहिली असेल त्याने ती सांगायची नाही. बिस्किट चहात बुडालं म्हटलं तरी आठवडाभर भांडी घासायची. आमच्यातल्या फेनिकने ती दोनदा घासली होती.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात, आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापाच्या तळावर असताना, हेडली ट्रेम्बाथ आमच्यात आला. कॉर्नवॉलचा, चाळिशीचा, दोन्ही तळहात भाजून गुळगुळीत झालेले.

“याआधी कुठल्या बोटीवर होतास, बाबा?” फेनिकने विचारलं.

“दोन होत्या.”

“मग आता कुठंयत त्या?”

ट्रेम्बाथला नियम मी आधीच सांगितला होता. तो चहाच्या कपाकडे बघत बसला. आम्ही काय ते समजलो. दोन बोटी गिळून आलेला माणूस आमच्या बाकावर बसला होता.

मी मुळातच संशयी. त्या दिवसापासून माझी नजर त्याच्यावरून हलली नाही.

डिसेंबरात रशियाकडे जाणारा मालवाहू बोटींचा काफिला सांभाळायला निघालो आणि तिसऱ्या दिवशी मला हवं ते दिसलं. जेवणं झाल्यावर पोरं पेंगत होती. ट्रेम्बाथने डोळे मिटले, बाकावरून उठला आणि चालायला लागला. ओठ पुटपुटत होते. एकोणीस पावलं टाकून त्याने डावा हात वर केला, वर जाणाऱ्या शिडीची कांब चाचपली आणि परत आला. मग पुन्हा तेच. दिवसातून चार-पाच वेळा. मीही मागे जाऊन मोजायला लागलो. प्रत्येक वेळी एकोणीस. शिडीच्या पायथ्याशी दारूगोळ्याच्या कोठाराची झडप होती, हे मी विसरलो नव्हतो.

“काय मोजतोस रे?”

“काही नाही, किलिक. पाय मोकळे करतो.”

“डोळे मिटून?”

तो उगाच हसला.

“तिसऱ्या बोटीचं माप घेतोय तो,” फेनिक म्हणाला. “शिंप्याला तरी पुढचा माणूस जिवंत लागतो.”

दोन दिवसांनी ट्रेम्बाथचा वाढदिवस होता. दुपारची रम मिळाली की ज्याचा वाढदिवस त्याला प्रत्येकाने आपल्यातला एक घोट द्यायचा, ही नौदलातली जुनी रीत. दहाही जणांनी आपापली रम दुसरीकडे बघत संपवली. मीसुद्धा. आज त्याची लाज वाटते. तेव्हा मला शहाणपण वाटलं होतं.

मग मी लेफ्टनंटसाहेबांकडे गेलो आणि याला मागच्या मेसमध्ये पाठवा म्हणालो. हुकूम निघाल्यावर ट्रेम्बाथ धावत माझ्याकडे आला.

“किलिक, दुसरं काहीही सांग. वर्षभर भांडी घासतो. पण मला इथून हलवू नकोस.”

“का? इथं काय पुरून ठेवलंयस?”

त्याने तोंड उघडलं. मग टेबलाभोवती बसलेल्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“इथं बोलता येत नाही,” तो म्हणाला.

“बघा! ज्याला सांगता येत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असणारच.” मी त्याची झोळी उचलून त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या सकाळी तो गेला. मेसला हायसं वाटलं. फेनिकने गाणंसुद्धा म्हटलं.

त्याच दुपारी आम्ही रमचे पेले हातात घेतले आणि शत्रूच्या पाणबुडीचा पाणतीर बोटीच्या मधोमध लागला. दिवे गेले, धोक्याच्या वेळचेही लागले नाहीत. तेलाचा जळका धूर नाकातोंडात शिरला. आम्ही आठ जण होतो, दोघे वर पहाऱ्यावर. कुणीतरी टेबलावर आपटलं, कुणी आईला हाका मारत होतं. मला काही सुचत नव्हतं. माझे पाय मात्र आपोआप मोजायला लागले होते.

“माझा शर्ट धरा! एकामागे एक!” मी ओरडलो.

एकोणीस पावलं. डावा हात वर. कांब हाताला लागली. आठही जण वर आलो.

‘थेसली’ तगली आणि रखडत रशियाच्या बंदराला लागली. मागच्या मेसमध्येही धूर भरला होता. तिथली चार माणसं बाहेर आली नव्हती. ट्रेम्बाथ त्यांतलाच एक.

“तुमचा तो नवा?” तिथला किलिक म्हणाला. “आल्यापासून डोळे मिटून फिरत होता. पोरं घाबरली. शेवटी मीच दरडावून खाली बसवला.”

“कुठं बसवलं होतंस?”

त्याने मला खाली नेलं आणि ट्रेम्बाथ बसला होता ते बाक दाखवलं. मी तिथे बसलो, डोळे मिटले, उठलो आणि चाललो. एकोणीस झाल्यावर डावा हात वर केला. हाताला थंड सपाट पोलाद लागलं.

डोळे उघडले. रंगाच्या कोठीची भिंत होती. तिच्यावरच्या काजळीत, माझा हात होता त्याच उंचीवर, बोटांचे ओरखडे होते. खूप होते.

“शिडी कुठाय?” मी विचारलं.

त्याने मागे बोट दाखवलं. बाकापासून बारा पावलांवर होती, उजव्या हाताला.