स्कोनच्या कानांना पटलेली नळी

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझा पुढचा केक भट्टीतच खचू दे, आणि तोही पाहुणे दारात असताना. याहून मोठी शपथ आमच्याकडे कुणी घेत नाही.

पृथ्वीच्या पार दक्षिणेतल्या अलेक्झांड्रा गावाच्या वर, जिथे डोंगरभर थाइमची झुडपं माजलीत आणि खडक दात विचकून उभे असतात, तिथे एफी ड्रमंडची मेंढरं चरायची. एफीचं वय अडुसष्ट. अंगाने कुंपणाच्या खांबाएवढी, आणि उपटायलाही तितकीच अवघड. घरात तिचा नवरा आर्ची आणि स्कोन नावाची कुत्री. ही पिल्लू असताना एफीने खिडकीत निवत ठेवलेले सात स्कोन, म्हणजे छोटे फुगीर पाव, तिने गरमागरम गिळले आणि आठव्यासाठी भुंकली, म्हणून हे नाव. पुढे तिने मेणबत्ती खाल्ली, बुटाची जीभ खाल्ली, आर्चीचं कानातलं यंत्रसुद्धा खाल्लं. दोन दिवस तिच्या पोटातून शिट्टी ऐकू येत होती आणि बिचारी स्वतःभोवती गोल गोल फिरत होती.

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, कौन्सिलची हुहाना आली. सशांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. ती ससे मोजत नाही, लेंड्या मोजते आणि त्यावरून एक ते आठ असा आकडा देते. अख्खी उतरण चालून आली आणि स्वयंपाकघरात टेकली.

"एफीबाई, तुमचा आकडा सहा आलाय. तीनच्या वर चालत नाही."

"थंडीत ससे जास्त हगतात," एफी म्हणाली.

"मग त्यांना समजावा. ऑगस्टच्या शेवटी परत चालून मोजणार आहे. तीनवर आला तर ठीक, नाहीतर वरून विषाची गाजरं टाकावी लागतील. माझा इलाज नाही."

ती गेल्यावर आर्ची म्हणाला, "टाकू दे की गाजरं. कुत्रीला तीन महिने साखळीला बांधू."

"साखळी खाईल ती."

"काय?"

"साखळी खाईल," एफी ओरडली. "आणि मग विषाने मेलेला पहिला ससा खाईल. संध्याकाळपर्यंत तू खड्डा खणत बसशील."

आर्चीने खाली पाहिलं. टेबलाखाली स्कोन त्याच्या बुटाची नाडी चघळत होती.

एफीने ठरवलं, ससे आपणच मारायचे. तिच्याकडे बापाची जुनी रायफल होती, बारीक गोळीची, बारीक नळीची. तिकडे तिला ट्रिपल टू म्हणतात. निशाणा सुईसारखा, पण आवाज असा की एक गोळी सुटली की उतरणीवरचे सगळे ससे बिळात आणि स्कोन घराखाली. मग तिला बाहेर काढायला अर्धा दिवस मटणाचं हाड दाखवत पालथं पडून राहायचं. आणि स्कोनशिवाय चालत नव्हतं, कारण कुठल्या खडकामागे ससा बसलाय ते तिचं नाकच सांगायचं. एका दिवसाला एक ससा, या हिशेबाने हुहानाचा तीन एफीच्या नातवंडांच्या काळात आला असता.

गावात क्लाइव्हचं बंदुकांचं दुकान होतं. त्याने लेथवर रायफलच्या तोंडाला आटे पाडून दिले आणि मग काउंटरवर तीन नळकांडी ओळीने मांडली.

"हे सायलेन्सर ना?" एफीने विचारलं.

"सप्रेसर म्हणा, काकू. गप्प कुणीच करत नाही, आवाज दाबतात फक्त. नळीतून जो वारा फुटतो तो आतल्या जाळ्यांत अडकतो." त्याने सगळ्यात लांब, पोलादी नळकांडं उचललं. "हे घ्या. मांजर शिंकल्यासारखं वाजेल. आणि तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

"त्याला फार वर्षं लागणार नाहीत. हे छोटं कसं आहे?"

"ॲल्युमिनियमचं. हलकं. पण भराभर गोळ्या झाडल्या की तापतं, आणि आवाज थोडा जास्त."

"आणि हे जाडं?"

"हे निम्मं मागे, नळीवर चढून बसतं. वजन मागे येतं, पुढे लांबी कमी. दिसायला बरं नाही म्हणून कुणी फारसं घेत नाही."

"दिसायला आर्ची तरी कुठे बरा होता?" एफी म्हणाली. "तिन्ही दे. सोमवारी दोन परत आणते."

"काकू, असं कुणी नेत नाही."

"म्हणूनच लोक चुकीचं घेतात."

शनिवारी सकाळी एफीने लोकर कातरायच्या शेडजवळ बैठक मांडली. समोर मातीचा बांध, त्यावर कागद. कानावर तिने स्वतःची टोपणं चढवली, कारण आर्चीचा डावा कान कशाने गेला ते तिने चाळीस वर्षं पाहिलं होतं. परीक्षक म्हणून आर्चीला खुर्चीत बसवलं.

"आवाज कसा वाटतो ते सांग," ती म्हणाली आणि पोलादी नळकांडं फिरवून बसवायला लागली.

थोड्या वेळाने आर्ची म्हणाला, "उत्तम. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"अरे, अजून झाडलीच नाही."

मग तिने झाडली. तिन्ही लावून झाडली. तिन्ही वेळा शेडचे पत्रे असे खणाणले की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या आणि स्कोन घराखाली. एफी खुर्चीवर टेकली. तीन नळकांडी, तिन्ही सारखीच. क्लाइव्हने आपल्याला बनवलं असं तिला वाटलं. हाड घेऊन ती पालथी पडली आणि त्या अंधारात स्कोनचे दोन डोळे बघता बघता तिच्या लक्षात आलं की आवाज बंदुकीचा कमी आणि पत्र्याचा जास्त होता. आर्चीला खुर्ची उन्हात हवी म्हणून आपण शेडला पाठ लावून बसलो.

"तुझा कान कामाचा नाही," ती आर्चीला म्हणाली. "हिचेच धरते."

रविवारी ती स्कोनला घेऊन उघड्या उतरणीवर गेली. आजूबाजूला पत्रा नाही, भिंत नाही. स्कोनला शेजारी बसवून चघळायला स्वतःची टोपी दिली.

आधी छोटं. गोळी सुटली आणि स्कोन टोपीसकट पसार. वाटेत पकडली, हे नशीब.

मग पोलादी. स्कोनचा कान हललासुद्धा नाही. एफीला वाटलं, झालं आपलं काम. पण ससा जागच्या जागी पाला खात राहिला. दुसरी गोळी झाडली तरी तो खातोच आहे. बापाची नळी ती, बारीक. पुढे एवढं ओझं लटकवल्यावर तोंड खाली घालायची. आणि दहा मिनिटांत एफीचा डावा हात भरून आला. पिकअपमध्ये बसताना ते लांब नळकांडं दारात अडकलं ते वेगळंच. निशाणा एकवेळ पुन्हा जुळवता येईल, पण सकाळ-संध्याकाळ महिनाभर हा लोखंडाचा सोटा अडुसष्टाव्या वर्षी कोण धरणार?

शेवटी जाडं, थोडं पुढे कड्यासमोर बसून. ठप्प. आवाज झाला, नाही असं नाही. गोळी आवाजाच्या पुढे पळते, तिचा हवेत बसणारा फटका कुठलंच नळकांडं झाकत नाही. स्कोनने मान वर केली, एक कान उभा केला, क्षणभर विचार केला आणि परत टोपी चघळायला लागली. गंमत सशांची झाली. फटका समोरच्या कड्यावर आपटून परत आला, म्हणून सगळे उठून बसले आणि कड्याकडे बघायला लागले, एफीकडे पाठ करून. कोण झाडतंय हे विचारायला जणू एकमेकांत पंचायत बसली.

"हेच," एफी म्हणाली.

सोमवारी दोन परत गेली. क्लाइव्ह म्हणाला, "पोलादी जास्त गप्प होतं, काकू."

"मला गप्प नको. मला धरता येईल असं हवं, आणि तिला सोसेल असं."

नवीन ओझ्याने गोळी दोन बोटं खाली जात होती. एफीने दुर्बिणीचे स्क्रू फिरवून, अख्खा दिवस कागदांना भोकं पाडून निशाणा जुळवला. दुसऱ्या दिवशीपासून ती रोज पहाटे निघायची. गुडघे बोलायचे, तिचं लक्ष नसायचं. हिम पडलं तरी निघायची. स्कोन नाकाने दाखवायची, एफी झाडायची, ससे कड्याकडे बघायचे. आर्ची मागून पोत्यात भरायचा आणि दर दिवशी विचारायचा, "झाडलीस का?" आता खडक नुसते खडकच दिसायचे, कारण त्यांच्यावर ऊन खात बसायला ससा उरला नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी हुहाना आली. हातात वही. जुन्या लेंड्या बुटाने चिरडून बघत होती; भुगा झाला तर जुनी, मोजायची नाही. एफी शेजारून चालत होती. वरचा माळ स्वच्छ. खडकांची रांग स्वच्छ. शेवटच्या घळीत मात्र एका झुडपाखाली ताज्या, काळ्या, चकचकीत लेंड्यांचा ढीग.

हुहाना थांबली. "एफीबाई, इथे जरा अडतंय. हा मोजला तर तीनच्या वर जाईल. थांबा, पेन कुठे गेलं..."

तिने खिशात हात घातला. तेवढ्यात स्कोन पुढे झाली आणि जिभेच्या दोन फटकाऱ्यांत ढीग साफ. वर ओठ चाटले.

हुहानाने वाकून ती रिकामी जागा पाहिली. मग म्हणाली, "मला दिसतं तेच मी लिहिते." आणि तीन लिहिलं. "पण ही घळ मी विसरणार नाही हं."

"मीही नाही," एफी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती त्या घळीत होती, पोटावर, खडकाला टेकून. शेजारी स्कोन. ठप्प, आणि सगळे ससे कड्याकडे.

गाजरं कधी आलीच नाहीत. स्कोन म्हातारी होऊन, पोटभर खाऊन, उन्हात मेली.

बाकी सगळं खरं. कुत्रीचं नाव तेवढं मी बनवलं, आणि त्या सात स्कोनांची गोष्टही. खरं नाव ॲग्नेस होतं. एफीच्या सासूचं. सासूच्या घरची माणसं अजून तिथे आहेत, कुत्रीला तिचं नाव हे त्यांना रुचलं नसतं, आणि केक मला त्यांनाच खायला घालायचा असतो.